सहदेवचं नाव

“मागून आणलेल्या इळ्यानं लोकाचं पीक कापू नोको, बाई. बोल इळ्याच्या धन्याले लागते.” वलगावच्या शेतात निंदता निंदता आई हे गाण्यासारखं म्हणायची.

अमरावतीच्या पतसंस्थेच्या कचेरीत, भर दुपारी, दामिनीला तो आवाज आला. पडद्यावर तिची स्क्रिप्ट, दूरच्या मशिनींतल्या फायली शोधणारा छोटा प्रोग्राम, खोळंबली होती. अकोला शाखेच्या कंप्युटरांना काही विचारायचं तर नाव सांग, पासवर्ड सांग, म्हणत होती.

मागे कंप्युटर विभागाचे विपुल साहेब उभे. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा वास तिच्या मानेवर आला.

“कालच्यासारखं सहदेवचं टाक.”

“तुमचं बी चालते ना, सर? तुमाले तं सगळ्या मशिनींची परवानगी हाय.”

“माहं कायले? उद्या कोनी नोंदी पाह्यल्या तं?” ते हसले. “सहदेव भोळा हाय. त्याच्या नावावर खपते सारं.”

सहदेव अकोला शाखेच्या मशिनी सांभाळायचा. मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीच्या सेवेला जाताना तो आपला पासवर्ड दामिनीजवळ ठेवून जायचा, शेजारी घराची किल्ली ठेवावी तसा. “काम अडू नये, ताई.”

काल साहेबांनी ‘तपासणी’ म्हटलं होतं. फायलींची यादी आली तेव्हा कळलं, त्यांना एकाच मशीनमधलं हवं होतं. अकोला शाखेतल्या तरुण कारकून आकांक्षाचे, तिच्या बहिणीच्या हळदीतले फोटो. एकेक मोठा करून पाहताना ते ओठ चाटत होते. आज त्यांना उरलेले पाहिजे होते.

फोन वाजला. सहदेवच.

“ताई, आकांक्षाच्या मशीनमदी माह्या नावानं कोन घुसून राह्यलं? पोरगी माह्या तोंडावर थुकली, वो! तिच्या बापाच्या वयाचा मी. मॅनेजर म्हणे, संध्याकाळपर्यंत खुलासा दे, नाही तं घरी बस.”

फोनमधला चढा आवाज मागंही ऐकू जात होता. विपुल साहेबांनी नकारार्थी मान हलवली. ‘माहीत नाही म्हण.’ त्यांची बोटं तिच्या खुर्चीच्या पाठीवर येऊन टेकली. दामिनी पुढं सरकली आणि तिनं फोन स्पीकरवर टाकला.

“ताई? तुमाले काही ठाऊक हाय का?”

“हाय, भाऊ. तुमच्या नावानं मीच घुसली. फोटो विपुल साहेबानं पाह्यले. आता आनखी मागून राह्यले, हे काय, माह्या मागंच उभे हायेत. फोन आकांक्षाजवळ द्या.”