लिंबाचं फूल, ओला दगड

यातला एक शब्द जरी खोटा निघाला, तरी माझे उरलेले दात पडोत. आणि उरलेत तेच मुळी चार.

थोरल्या सुनेने बाटली उघडली, बूच नाकाशी नेलं आणि तिचं तोंड वाकडं झालं. बुरसटलेल्या गोणपाटाचा वास. बाटली फ्रान्सची, पांढरी कोरडी वाइन, म्हणजे गोडी औषधालाही नाही. पण बुचाला बुरशी लागली की वाइनचा सगळा सुगंध मरतो, उरतो नुसता आंबटपणा. अशी बाटली ओतून टाकायची आणि दुसरी उघडायची. ती तसं सांगणार, तोवर सासऱ्यांनी पेला पुढे केलासुद्धा.

सासऱ्यांचं हॉटेल त्यांच्या नाकावर चालायचं. कुठल्या वाइनबरोबर कुठला पदार्थ, हे तेच ठरवणार, आणि ते बोलेपर्यंत दुसऱ्या कुणी पेल्याला हात लावायचा नाही. आज ते स्वयंपाकघराची किल्ली सोडणार होते. वाइन एकच, ताटं दोन. एक सुनेचं, एक धाकट्या मुलाचं. ज्याचं ताट वाइनशी जमेल, त्याची किल्ली. सुनेने त्या शेगडीपुढे अर्धं आयुष्य काढलं होतं. तिला किल्ली हवी होती आणि ती ते लपवतही नव्हती.

सासऱ्यांनी पेला गोल फिरवला. डोळे मिटून खोल श्वास घेतला. घोट तोंडात घोळवला आणि बादलीत थुंकला.

"लिंबाचं फूल," ते म्हणाले. "आणि पाण्यात भिजलेला दगड."

धाकट्याने वास न घेताच मान डोलावली. सून मात्र पेल्याकडे बघत राहिली. गोणपाटात लिंबाचं फूल? अगं बाई, यांना वासच येत नाही. मग तिला एकेक आठवायला लागलं. हल्ली प्रत्येक घासाला मीठ मागणं. परवा गॅस उघडा राहिला, तर शेजारीच निवांत पेपर वाचत बसणं.

"वहिनी, घाबरलात की काय?" धाकट्याने चिमटा काढला. "माझ्या कोंबडीचा घमघमाट गल्लीच्या टोकापर्यंत गेलाय."

"मग तिथलेच खातील, भावजी," असं म्हणून ती आत गेली.

माशासाठी केलेला सुगंधी पाल्याचा रस्सा तिने सरळ मोरीत ओतला. मासा पुन्हा तव्यावर टाकला, भरपूर लोण्यात. कातडी कडक झाली, तसं वर जाडं मीठ भुरभुरलं. नाक गेलं तरी जिभेला आंबट कळतं, खारट कळतं, दाताला कुरकुरीत कळतं.

सासऱ्यांनी कोंबडीचे दोन घास खाल्ले आणि बरी आहे म्हणाले. मग माशाची कातडी दाताखाली कुर्रकन मोडली. वर वाइनचा घोट. आंबटाने लोणी कसं लख्ख धुऊन नेलं. दुसरा घास, तिसरा, चौथा. शेवटी पावाने ताट पुसून खाल्लं.

एवढं करून घसा खाकरला आणि किल्ली धाकट्याला दिल्याचं सांगितलं. मासा चांगला होता, पण या कामाला तीक्ष्ण नाक लागतं आणि ते रक्तातच असावं लागतं, म्हणाले.

धाकटा मित्रांना फोन करायला इतक्या घाईने बाहेर पळाला, की किल्ली घ्यायचीच राहिली.

सुनेने दार लोटलं. बूच सासऱ्यांच्या नाकाखाली धरलं. त्यांनी हुंगलं. परत हुंगलं. मग हळूच खुर्चीत बसले.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही, बाबा."

तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, तुमची अब्रू तीच माझी. उद्यापासून बाटली मी उघडेन, वास मी घेईन, तुमच्या कानात सांगेन, किल्लीचं काय एवढं. आणि सासऱ्यांनी किल्ली तिच्या ओंजळीत ठेवली.

आता बाकी सगळं अक्षरन्‌अक्षर खरं. ते भरलेले डोळे आणि ते गोड भाषण तेवढं मी पदरचं घातलं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. ती एवढंच म्हणाली होती, "नाक माझं, नाव तुमचं. आणा ती किल्ली इकडे."