जांभळ्या गोळ्या
इटलीत पार्मातल्या आमच्या समितीत खाण्याला चव देणारी रसायनं सुरक्षित आहेत का ते ठरतं, आणि ज्याचा एखाद्या रसायनाशी घरचा संबंध असेल त्यानं त्या वेळी बाहेर जायचं असतं. आजच्या पहिल्या रसायनाचं नाव वाचताच आमच्यातली ऑर्नेला उठली. "हे आईच्या व्हायोलेट फुलांच्या स्वादाच्या गोळ्यांत असतं. दुकानात दुसरं काही विकतच नाही ती." दर बैठकीला ती त्या जांभळ्या गोळ्यांचा वाडगा आणायची, तसा आजही आणला होता. "तू जा गं बाई, वाडगा राहू दे," म्हणत अध्यक्ष उबाल्दींनी एक गोळी तोंडात टाकली. सगळ्यांनी घेतली, मी इतिवृत्त लिहिणारा, मीही घेतली. मग चाचण्यांचा अहवाल उघडला. सतराव्या पानावर उंदरांच्या यकृतातला डीएनए तुटलेला होता. "चाचणी पुन्हा करून बघितली?" शेजारच्या जेम्मानं विचारलं. "तीनदा," उबाल्दी म्हणाले आणि त्यांनी तोंडातली गोळी हळूच कागदी रुमालात काढून ठेवली. मग जेम्मानं काढली, मग मी. परवानगी काढून घ्यायची शिफारस एकमतानं झाली, मी ती लिहून घेतली आणि ऑर्नेलाला आत बोलावलं. निकाल जाहीर होईपर्यंत तिला सांगायचा नसतो. तिनं टेबलावर नजर फिरवली. प्रत्येकापुढे चुरगळलेला रुमाल होता, जांभळ्या डागाचा. तिनं वाडगा स्वतःकडे ओढला, एक गोळी तोंडात टाकली आणि विचारलं, "हं, पुढचं रसायन कुठलं?"