समजणारी बाई

फिफिताबाईंनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, मांडीवर वही उघडली आणि टोंगन भाषेत म्हणाल्या, “बोल गं बाई आता. पोटात साठलंय ते सगळं बोल. मला समजतं.”

तीन वर्षं मेलेनाइते या खोलीत येत होती. महिन्यातून एक शनिवार, दोन तास. समोर तिची लेक सेला, आणि कोपऱ्यात सरकारने बसवलेली कोणी ना कोणी गोरी बाई. भेट देखरेखीखालीच व्हायची आणि देखरेख करणारीला समजेल त्याच भाषेत बोलायचं, असा नियम. मेलेनाइतेचं इंग्रजी द्राक्षांच्या शेडमधलं: खोकं, कात्री, लवकर, उद्या या. एवढ्या भांडवलावर पोटच्या पोरीशी बोलणार तरी काय? खा. शाळा छान? जाकीट घाल. दोन तास संपता संपत नसत.

सेला चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मेलेनाइते द्राक्षं तोडायला गेली आणि पोरीला मजुरांच्या वस्तीवर ठेवून गेली. कोणापाशी, असं कोर्टात विचारलं, तर ती म्हणाली, सगळ्यांपाशी. तिकडे टोंगात, तिच्या बेटावर, पोरं अशीच वाढतात. जो जवळ असेल तो भरवतो, वेळ आली तर धपाटाही घालतो. कोणाला सांगावं लागत नाही. त्या दिवशी मात्र वस्तीतला प्रत्येक जण, दुसरं कोणीतरी असेलच, असं धरून कामाला निघून गेला. पोर हमरस्त्याच्या कडेने एकटी चालताना पोलिसांना सापडली. कागदावर कारण लिहिलं गेलं, देखरेखीचा अभाव. सरकारने सेलाला एका गोऱ्या कुटुंबात ठेवलं.

एकदा मेलेनाइतेने शब्दाला शब्द जोडून इंग्रजीत सांगून पाहिलं होतं, “मी तुला सोडली नाही.”

“पण तिथे कोणीच नव्हतं,” सेला म्हणाली होती. कोपऱ्यातल्या बाईने तेही लिहून घेतलं.

त्यानंतर मेलेनाइतेने अर्जांचा सपाटाच लावला. आमची भाषा समजणारी बाई द्या, एवढंच मागणं. चर्चमधले पाद्रीबाबा बिचारे लिहून लिहून दमले. सातव्या अर्जाला फिफिताबाई आल्या.

आणि आज ती बोलली. आधी अडखळत, मग धो धो. तुला टाकून गेले नव्हते गं राणी, सगळ्यांच्या पदरात घालून गेले होते. चुकलं माझं, हा देश मला कळला नाही. तुझा झगा अजून उशाशी घेऊन झोपते. बोलता बोलता तिने पोरीचे हात धरले, घरून तळून आणलेल्या केकेच्या, त्यांच्याकडच्या गोड भज्यांच्या, साखरेने चिकट झालेले. फिफिताबाईंची लेखणी कधीच थांबली होती. त्या डोळे पुसत होत्या.

सेलाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आईचं संपल्यावर तिने हळूच हात सोडवून घेतले आणि कोपऱ्याकडे वळली. शाळेत बाईंना विचारावं तशा अदबीने तिने इंग्रजीत विचारलं, “आंटी, माझी आई हे काय म्हणाली?”

तेवढं इंग्रजी मात्र मेलेनाइतेला नीट समजलं.