खालून तळहात

संशयाचा फायदा देऊन कोर्टानं जावयाला सोडलं, तशी सासू चडफडली. त्यानंच बाळाची मांडी मोडली, अशी साक्ष तिनंच दिली होती. ठिसूळ हाडांचा आजार ही तिला वकिलाची सबब वाटली. सात महिन्यांची कोठडी भोगून तो घरी आला, तेव्हा ती बाळाचा लंगोट बदलत होती. नेहमीसारखे घोटे धरून तिनं पाय उचलले. “आई, असं नको!” तो कळवळला. “खालून तळहात घाला. अशा बाळांची मांडी एवढ्यानंही मोडते, डॉक्टर म्हणाल्या.” तिचे हात थबकले. मांडी मोडली त्या सकाळी लंगोट तिनंच बदलला होता. “कधी म्हणाल्या?” “पहिल्याच तारखेला.” “मग त्या सकाळी लंगोट मी बदलला होता, हे कोर्टात का नाही बोललात?” “खात्री नव्हती, आई. अन् खात्रीशिवाय बोट दाखवलं की काय होतं, ते भोगतच होतो.” बाळाखाली तळहात सरकवून तिनं ते अलगद बापाच्या ओंजळीत दिलं.