शिक्क्याचं कोटेशन

“आज पण एस्टिमेटच?” भावनाने विचारलं आणि हातातली कात्री खाली ठेवली.

“एस्टिमेटच,” प्रणय म्हणाला. “खुर्च्या वाढल्या ना जरा.”

मुरबाडच्या बाजारातलं हे मांडव-डेकोरेशनचं दुकान भावनाच्या बापाचं. बाप बांबू घेऊन गावोगाव. भाव सांगायचं काम लेकीकडे. खर्डीच्या या गिऱ्हाइकाला तिने पहिल्याच दिवशी फरक समजावला होता. एस्टिमेट म्हणजे अंदाज, तो खालीवर होतो. कोटेशन म्हणजे शब्द. त्यावर दुकानाचा शिक्का बसला, की बांबू महाग होवोत नायतर वारा सुटो, मागे फिरायचं नाय.

प्रणयने फरक नीट लक्षात ठेवला. कोटेशन मिळालं की येणं संपलं! म्हणून हर्षालीचा, त्याच्या बहिणीचा, लग्नमांडव त्याच्या तोंडी सारखा बदलत राहिला. कधी झालर हिरवी, कधी पिवळी. कधी नवरदेवाला बैलगाडी, कधी घोडा. खर्डीहून निघावं, वाटेत शहापूरला मांडववाल्यांच्या पाट्या दिसल्या की डोळे मिटून घ्यावेत, आणि मुरबाडला जीपमधून उतरताना पाय जमिनीला लागू नयेत, असं त्याचं चाललं होतं.

तेवढ्यात प्रणयचा फोन वाजला. पलीकडे वडील, जयराम. आवाज सगळ्या दुकानाला ऐकू गेला.

“मांडव ठरवतोस का मांडव विणतोस रे? आज पक्कं करून ये. नायतर मी शहापूरवाल्याला सुपारी देतो!”

प्रणयचं तोंड एवढंसं झालं.

“कोटेशन द्या,” तो पुटपुटला.

भावनाने कोटेशन लिहिलं. धाडकन शिक्का मारला. मग म्हणाली, “कमानीवरच्या नावांचा नमुना तेवढा बघून जा. मागं भिंतीला लावलाय.”

तो जड पावलांनी मागे गेला. भिंतीवर सोनेरी पुठ्ठ्याची अक्षरं होती, चमकीत न्हालेली, ताजी कापलेली. त्याने वाचली. परत वाचली. एका बाजूला भावना, दुसऱ्या बाजूला प्रणय, मध्ये एक वाकडा बदाम.

त्याच्या छातीत वरातीतली बेंजो पार्टी सुरू झाली.

“हे... हे काय?”

“एस्टिमेट हाय.” भावनाचे कान लाल, मान मात्र ताठ. “खालीवर होऊ शकतं. तुमी नाय म्हणालात तर अक्षरं वाया नाय जाणार. दुसरा कोणी प्रणय येईलच की लग्नाचा.”

“बघतोच कसा येतो तो!” प्रणय एवढ्यांदा ओरडला की समोरचा भेळवाला दचकला. “एस्टिमेट नको मला. कोटेशन द्या. आत्ताच्या आत्ता!”

भावनाने त्याचा हात ओढला, आणि तळहातावर दुकानाचा शिक्का ठोकला.