बिनगाठीचा झगा

"तिला सांग, कापड मी आणलंय," आई पुतळ्याला म्हणाली.

पुतळा शिवणघराच्या मधोमध उभा होता. डोकं नसलेला, अंगावर कुणाचा तरी अर्धा कोट टाचलेला. त्याच्या पलीकडे दोन हातांच्या अंतरावर लेक उभी होती, तोंडात टाचण्या धरून. पण आईच्या पंथात, पंथ सोडून गेलेलं माणूस मेलेलं धरतात. मेलेल्याशी बोलायचं नाही, त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. पुतळ्याशी बोलू नये असं मात्र कुठल्या नियमात नव्हतं, आणि आई नियमांची पक्की होती.

शिवणघराच्या मास्तरांनी इस्त्री करता करता चष्म्यावरून पाहिलं. "लेकी बोले सुने लागे ऐकलं होतं," ते पुटपुटले, "इथं लेकीला लागावं म्हणून लाकडाला बोलतायत."

दुपार उतरत होती. वाफ आणि सुताची पिंज उजेडात तरंगत होती, रस्त्यावरचे आवाज आत येईपर्यंत मऊ होत होते. आईला या खोलीत लेकीने इतक्यांदा स्वप्नात पाहिलं होतं की आताही तिला भरवसा येईना. स्वप्नातली आई मात्र कधी काही मागायची नाही, नुसती उभी राहायची.

आईने पिशवीतून कापड काढून टेबलावर ठेवलं. पांढरं, जाड, धुऊन धुऊन मऊ केलेलं. लेकीने ते ओळखलं. शेवटचा झगा. पंथातल्या बाईला मेल्यावर घालायचा, जिवंतपणी शिवून ठेवायचा, आणि तोही पोटच्या लेकीने.

तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "त्या बाईंना सांग," ती पुतळ्याला म्हणाली, "मी ते सगळं सोडलंय. असले कपडे मी शिवत नाही. बाजारात शिंपी काय कमी आहेत?"

"तिला सांग, शिंपी पायलीला पन्नास मिळतात. हा लेकीनेच शिवायचा असतो."

"लेक मेली ना?"

आईने जरा विचार केला. "मग तर बरंच. तिकडे काय शोभतं ते तिला ठाऊक असेल."

मास्तरांना एकदम खोकला आला. लेकीलाही हसू फुटलं, आणि हसू आल्याचाच तिला राग आला.

तरी तिने गळ्यातला टेप काढला. का काढला, तिचं तिलाच कळलं नाही.

"त्यांना म्हणावं, हात वर करा."

आईने डोळे मिटले आणि हात वर केले. स्पर्शाबद्दल नियम गप्प होते, बहुधा कुणाला सुचलंच नसावं.

उंची घेतली. बाही घेतली. मग पाठ. ही पाठ तिच्या चांगलीच ओळखीची होती. तिने पंथ सोडला त्या सकाळी सगळी सभा उठून तिच्याकडे पाठ करून उभी राहिली होती, तशी रीतच होती, आणि पहिल्या रांगेत आई. पुढे आईचा चेहरा आठवायला तिला प्रयास पडायचे, पाठ मात्र डोळे मिटले की समोर. भिंतीएवढी.

तिने टेप या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत धरला. आकडा पाहिला, पुन्हा धरला. शाळकरी पोरीच्या मापाची पाठ होती ती. कापडाखाली थरथरत होती. आई हात वर धरून दमली होती, पण सांगितल्याशिवाय खाली घेत नव्हती.

"हात खाली घे," लेक म्हणाली. हे काही ती पुतळ्याला म्हणाली नव्हती.

आईने हात खाली घेतले. डोळे उघडले नाहीत.

एवढ्याशा पाठीवर रागावून आपण इतकी वर्षं काढली, या विचाराने लेकीला रडू आलं. ते तिने बाहीला पुसलं. राग होताच अजून, पण आता त्याला टेकायला जागा उरली नव्हती.

"तिला सांग, हाताने शिव. मशीन नको," आई म्हणाली. "आणि गाठ मारू नकोस."

हे सांगायची गरज नव्हती. शेवटच्या झग्यात गाठ नसते, दोऱ्याची टोकं नुसती आत दडपायची. एक गाठ राहिली तरी जीव सुटत नाही, गाठ मारणाऱ्याच्या भोवती घुटमळत राहतो, असं पंथात मानतात. त्या सुटण्यासाठीच तर आईने उभा जन्म घालवला होता. तेवढ्यासाठीच तिने पोटच्या पोरीकडे पाठ केली होती.

लेकीने कापडाची घडी उलगडली. नाही म्हणणं सोपं होतं. पण पंथाच्या रीतीनेच शिवायचं, तर मग आपण बाहेर पडलो तरी कशाला?

"आईला सांग," ती पुतळ्याला म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला, "मी शिवीन. हातानेच शिवीन. पण मी आता बाहेरची आहे. गाठ मारल्याशिवाय मी काही शिवत नाही. चालत नसेल तर कापड घेऊन जा म्हणावं."

मास्तरांची इस्त्री थांबली.

आई कापडाकडे बघत राहिली. पिंज तिच्या डोक्यावरच्या करड्या फडक्यावर अलगद बसत होती. ती आता घडी घालेल आणि जाईल, लेकीला वाटलं. तसं झालं तर मागे धावायचं नाही, हेही तिने मनाशी ठरवून टाकलं.

आईने पिशवीची घडी घातली, बगलेत धरली आणि ती दाराकडे निघाली. कापड टेबलावरच होतं. उंबऱ्याशी ती वळली आणि पुतळ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"तिला सांग," आई म्हणाली, "एका गाठीचा काही भरवसा नाही, सुटते. दोन मार."