पोटातली नाल

सोनोग्राफीच्या टेबलावर दस्तगीर नालबंद घामाघूम झाला होता. पस्तीस वर्षं घोड्यांच्या खुरांना नाल ठोकणारा हा गडी ऑपरेशनच्या नावाने मात्र थरथरायचा.

“चाचा, तुमच्या दोन्ही किडन्या खाली जोडलेल्या आहेत. अगदी घोड्याच्या नालेसारख्या. जन्मापासूनच!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“तरीच झोपेत लाथा मारतात!” शेजारी उभी असलेली बायको फिसकन हसली.

दस्तगीरने पडद्यावरचं चित्र कारागिराच्या नजरेने न्याहाळलं. “सैल झालीय का हो?”

“नाही, घट्ट आहे.”

“त्रास देतेय?”

“अजिबात नाही.”

“मग आमच्या धंद्यात असल्या नालेला कुणी हात लावत नाही,” त्याने ठणकावलं.

“आमच्याही धंद्यात नाही. घरी जा आता!”

दस्तगीरने इतका मोठा सुस्कारा सोडला, की बायको कुजबुजली, “अहो, दवाखान्यात खिंकाळू नका.”